चुंदीचा उंबरठा

चिंचेच्या मुळाशी इवलंसं घर होतं. घर चुंदी चिचुंद्रीचं. तिला तीन पिल्लं. चालताना पहिलं पिल्लू आईची शेपटी धरी. दुसरं पहिल्याची. तिसरं दुसऱ्याची. तिसऱ्याची शेपटी मोकळी.

चुंदीला घर नवं करायचं होतं. पण तिचं म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तिने जुना उंबरठा खाटकन उपटला. भिंतही थोडी पडली. धबाक! उंबरठा दिला उकिरड्यावर फेकून.

दिवस कलला. बाहेरून काहीतरी सरपटत आलं. सुर्रर्र, सुर्रर्र. तो होता अंधार. उंबरठाच नाही, मग थांबणार कुठे? सरळ आत आला. चुलीपाशी बसला. हूंऽऽ.

"चला रे पिल्लांनो," चुंदी म्हणाली. "उंबरठा बसल्याशिवाय इथे झोपायचं नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु. सुतारपक्षी भेटला. टक टक टक.

"सुतारदादा, सुतारदादा, उंबरठा बसव."

"भिंत पडलीय. आधी भिंत लिंपून घे."

तिसरं पिल्लू हळूच म्हणालं, "आई, माझी शेपटी कुणीतरी धरलीय."

"तिन्हीसांजेला मागे बघू नये. चल."

तुरु तुरु, तुरु तुरु. कुंभारमाशी भेटली. गुं गुं गुं.

"माशीताई, माशीताई, भिंत लिंप. सुतार उंबरठा बसवीना."

"माती सुकलीय. आधी पाणी आण."

"आई, माझी शेपटी कुणीतरी धरलीय."

"तिन्हीसांजेला मागे बघू नये. चल."

तुरु तुरु, तुरु तुरु. ओढ्यात खेकडा भेटला. खुडुक खुडुक.

"खेकडेमामा, खेकडेमामा, पाणी सोड. माशी भिंत लिंपीना, सुतार उंबरठा बसवीना."

"पाटात मूळ आडवं आलंय. आधी मूळ काढ."

"आई, माझी शेपटी कुणीतरी धरलीय."

"तिन्हीसांजेला मागे बघू नये. चल."

तुरु तुरु, तुरु तुरु. वाळवी भेटली. कुरुम कुरुम.

"वाळवीबाई, वाळवीबाई, मूळ खा. खेकडा पाणी सोडीना, माशी भिंत लिंपीना, सुतार उंबरठा बसवीना."

वाळवी खायची थांबली. "जुना उंबरठा काढताना फूल वाहिलंस? नमस्कार केलास?"

चुंदीने नाही म्हणून मान हलवली.

"मग मी नाही खाणार. आधी त्याच्याकडे जा."

"आई, आता शेपटी ओढतंय."

तुरु तुरु, तुरु तुरु. उकिरड्यावर उंबरठा एकटाच पडला होता. चुंदीला रडू आलं. तिने पिवळं फूल वाहिलं. डोकं टेकलं.

"चुकले रे. तू रोज दारात आडवा पडून आम्हाला राखलंस. आणि मी तुला फेकलं."

उंबरठा बोलला नाही. नुसता वाजला. कर्रर्र.

मग वाळवीने मूळ खाल्लं. खेकड्याने पाणी सोडलं. माशीने भिंत लिंपली. सुताराने उंबरठा बसवला. तोच, जुना, पुसून.

चुंदी आत गेली. पिल्लं मोजू लागली. "एक. दोन. तीन."

"आणि मी?" मागून कुणीतरी विचारलं.

तिसऱ्याची शेपटी धरून अंधार उभा होता. त्याने पाय उचलला. पुढे उंबरठा. त्याने पाय खाली ठेवला. शेपटी सोडली.

"तू इथवरच," चुंदी म्हणाली.

अंधार बाहेर बसला. रोज तिथेच बसतो. झोपण्याआधी तिसरं पिल्लू विचारतं, "आहेस का रे?"

बाहेरून आवाज येतो, "हूंऽऽ."

"मग बस तिथेच," पिल्लू म्हणतं. आणि शेपटी पोटाशी घेऊन झोपून जातं.