राजाच्या घरचं सुतक

"मी उतरल्याशिवाय गलबतावरून कोणी उतरायचं नाही!" असा राजा कीर्तिध्वजाचा हुकूम होता, आणि राजा तर सात बंदरांची सैर संपल्यावरच उतरणार होता. आगरवेळ नावाच्या तिसऱ्या बंदराला गोडं पाणी घ्यायला गलबत घटकाभर थांबलं. तेवढ्यात धक्क्यावरून कोणीतरी ओरडलं, "धाकू, अरे, तुझा राघोदादा पहाटे गेला रे!"

धाकू गलबतावरचा आचारी, मूळचा याच बंदराचा. दादाशिवाय त्याला कोणी नव्हतं. हातातल्या पळीसकट त्यानं कठड्यावरून उडी मारली. शेजारीच धक्क्यापर्यंत फळी टाकलेली होती. पण तेवढं बघेल तो धाकू कसला! कमरेपर्यंत चिखलात रुतला. चौघांनी ओढून काढला आणि राजापुढे उभा केला.

"पळून जात होतास?"

"नाही महाराज! पळणारा फळीवरून जातो. चिखलात उडी मारतो तो माझ्यासारखा गाढव!"

सगळे हसले. धाकूही हसला, आणि डोळे पुसायला गेला तर डोळ्यांतही चिखल गेला.

"महाराज, दहा दिवस मला इथं राहू द्या. दादाचं सगळं करायला मी एकटाच. दादा म्हणायचा, 'आमच्या धाकूला डोकं नाही, पण पाय वेळेवर पोचतात.' आज पायसुद्धा पोचले नाहीत."

राजा हट्टी. "माझ्या गलबतावर चढला तो माझ्या घरचा! घरचं माणूस मध्येच घर सोडतं का? उतरायचंच असेल तर माझ्या घरचा राहून उतर, आणि हुकूमही मोडू नकोस. नाही जमलं तर मुकाट्यानं चुलीपुढे बस!"

धाकूनं डोकं खाजवलं.

"महाराज, मी आपल्या घरचा?"

"म्हटलं ना एकदा!"

"आणि माझा दादा?"

"तोही घरचाच!" राजा मोठ्या ऐटीत म्हणाला.

"मग उठा गादीवरून! घरातलं माणूस गेलंय, आपल्याला दहा दिवसांचं सुतक! विडा बंद, गोड बंद, निजायचं भुईवर. घरातले कर्ते आपण, तेव्हा पुढे आपण, मागून आम्ही. आपण आधी उतरलात की हुकूमही शाबूत! दहाव्याला न्हावी येईल, डोकं आणि मिशी..."

राजाचा हात झटकन मिशीवर गेला.

"हे नको असेल, तर मी आपल्या घरचा नाही," धाकू म्हणाला. "मग हा निघालो. आता फळी दिसली मला!"

राजा गदगदून हसला. "लेका, मला वाटलं, तुझ्या डोक्यात नुसता चिखल आहे!"

"होताच, महाराज. आज थोडा बाहेर सांडला, म्हणून आत जागा झाली."

राजानं जोडे काढले आणि सगळ्यांच्या आधी फळीवर पाय ठेवला. "तेरा दिवस गलबत इथंच! तेराव्याला सारं बंदर माझ्या कोठीतून जेवेल. आणि धाकू, दरसाल याच दिवशी माझं गलबत तुला इथं आणून सोडेल."

चार पावलं जाऊन तो मागे वळला.

"पण ही मिशी तेवढी आमच्या घरची नाही, सांगून ठेवतो!"