मांडव धरून ठेवणारं घोसाळं

भाज्यांना बोलता यायचं आणि त्यांचं कुणी ऐकून घेत नसे, त्या काळची गोष्ट. द्वारकाकाकूंच्या परसात बांबूचा मांडव होता आणि त्यावर एक जून घोसाळं लोंबत होतं. काकूंनी ते बियाण्यासाठी राखलं होतं. घोसाळ्याला मात्र वाटे, मांडव आपणच धरून ठेवलाय.

दसरा झाला, पहाटे गारठा पडू लागला. काकूंनी माती भुसभुशीत केली, मेथी पेरली, लसूण लावला आणि मांडवाच्या पायथ्याशी पावटा टोकला. पण वर घोसाळ्याच्या वेलाचं जाळं माजलेलं, त्यामुळे पावट्याच्या रोपांना ऊनच मिळेना.

"आजोबा, थंडी वाढायच्या आत वर चढायला हवं. जरा जागा देता का?" एका रोपानं विचारलं.

"देईन की! पण मी जागा सोडली आणि मांडव कोसळला, तर तू सावरणार आहेस का?"

बांबूंनी एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी काकूंनी विळ्यानं वेल कापून खाली ओढला. घोसाळ्यानं डोळे गच्च मिटून घेतले. मांडव कोसळला नाही. ओझं उतरलं तसा उलट वीतभर वर आला.

काकूंनी घोसाळ्याच्या बिया काढून घेतल्या, साल सोलली आणि उरलेली जाळी अंग घासायला न्हाणीघरात टांगली.

पौषात पावटा मांडवभर फुलला. तेव्हा न्हाणीघरात घोसाळं शेजारच्या वज्रीला सांगत होतं, "मी आहे म्हणून या घरात अंघोळी होतात, बरं का!"

टाचा घासून घासून झिजलेली वज्री म्हणाली, "हो का? त्याच खुंटीवरचं गेल्या वर्षीचं घोसाळंही हेच म्हणायचं."