यादोबुवांची झील

सुखगिरी महाराज त्या वर्षी वाघजाळी गावी, रामाच्या देवळात उतरले होते. गावात हिराजी नावाचा एक कोष्टी राहत असे. वीस वर्षं तो कीर्तनकार यादोबुवांच्या मागे झीलीला उभा राहिला. बुवांनी ओळ म्हणायची, हिराजीने ती मागून उचलून धरायची. धरता धरता बुवांचा गळाच त्याच्या गळ्यात उतरला. डोळे मिटून ऐकलं तर कोण गातंय हे घरच्यांनाही सांगता येऊ नये! अखेरच्या दिवशी बुवांनी आपल्या चिपळ्या त्याच्या हाती दिल्या, "माझी सेवा आता तू चालव" एवढंच म्हणाले आणि प्राण सोडला.

पहिल्या पुण्यतिथीला हिराजीच कीर्तन करणार, हे सगळे धरून चालले होते. पण मार्तंडबुवा भर पारावर हसले. हे मार्तंडबुवा पहिले धडे यादोबुवांकडेच शिकलेले, पण शहरात गाणं शिकून आल्यापासून ते नाव त्यांच्या तोंडून निघत नसे.

"अरे, हा तर यादोबुवांचा उष्टा सूर! तुझं स्वतःचं काय आहे त्यात? एक पद आपल्या गळ्यानं म्हणून दाखव. नाहीतर चिपळ्या देवापुढं ठेव आणि मागावर जाऊन बस."

पाटलांनाही ते पटलं. हिराजीने तीन दिवस गाऊन पाहिलं. तोंड उघडलं की बुवाच बाहेर येत, आणि बुवांना अडवलं की काहीच येईना. गुरूची शेवटची आज्ञा आपल्या हातून मोडणार, या धास्तीने त्याला अन्न गोड लागेना. शेवटी त्याने महाराजांपुढे चिपळ्याच ठेवल्या.

"महाराज, लई शोधलं. माझं असं काही सापडंना."

महाराज म्हणाले, "यादोबा गेला तेव्हा रडलास?"

"रडलो तर!"

"तेव्हा कुणाचा गळा आणला होतास?"

महाराजांनी चिपळ्या त्याच्या हातात परत दिल्या. "उद्या पुण्यतिथीला उभा राहा. झीलीला मी येतो."

आता महाराजांना गाण्याचा गंध नव्हता, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देऊळ भरलं. मृदंग सुरू झाला, आणि हिराजी गप्प. वीस वर्षांची सवय! पुढून ओळ येईल म्हणून बिचारा कान देऊन थांबला होता. मार्तंडबुवा हसले, तसं सगळं देऊळ हसलं.

मागून महाराज म्हणाले, "हिराजी, पुढं कोणी नाही रे बाबा."

बुवा गेल्याचं जणू त्याला आत्ता कळलं. भरल्या गळ्यानेच त्याने नामाची ओळ उचलली. आवाज भरडा निघाला, मधेच फाटला. तो हिराजीच्याही ओळखीचा नव्हता. ओळ संपली आणि मागून झील उठली. मुख महाराजांचं, पण आवाज यादोबुवांचा! तोच खडा सूर, शेवटी तीच हलकी मुरड. बायकांत बसलेल्या बुवांच्या पत्नी येसूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "अगंबाई, हे आले!" हिराजी ओळ म्हणे आणि बुवा ती मागून उचलून धरीत. शिष्याने गावं आणि गुरूने झील धरावी, असं कधी ऐकलंत का हो!

मार्तंडबुवांनी तो आवाज पहिल्या सुरालाच ओळखला होता. पद संपताच ते महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज म्हणाले, "मला कुठलं गाणं? पाय धरायचे तर त्याचे धरा."

भरल्या देवळात मार्तंडबुवांनी पगडी उतरवली आणि त्या कोष्ट्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "हिराजी, माझ्याही गळ्यात तेच आहेत. मी त्यांचं नाव गिळलं."

हिराजीने घाईघाईने त्यांना उठवलं. "बुवा, कीर्तन अजून व्हायचंय."

मार्तंडबुवा डोळे पुसत त्याच्या मागे जाऊन झीलीला उभे राहिले.