दांडा शाबूत आहे!

चक्रीवादळाने चांगुणाबाई तांडेलांच्या घरावरचे सगळे पत्रे उडवून नेले. चार दिवसांनी नुकसानभरपाईच्या पाहणीला सरकारी साहेब आले. त्यांनी अंगणातूनच घर पाहिलं आणि शेरा लिहिला, ‘भिंती शाबूत. घर राहण्यायोग्य.’

“आत माझी बाळंतीण लेक प्लास्टिक पांघरून बसलीय!” चांगुणाबाई कडाडल्या.

“बाई, छप्पर गेलं म्हणजे घर गेलं असं होत नाही.”

तेवढ्यात जोराची सर आली. साहेबांनी छत्री उघडली. चांगुणाबाईंनी ती हिसकावली, टराटरा कापड फाडलं आणि उरलेला दांडा नि काड्या त्यांच्या हातात कोंबल्या.

“घ्या साहेब! दांडा शाबूत आहे. छत्री वापरण्यायोग्य!”

साहेब नखशिखांत भिजले. त्यांनी शेरा खोडला आणि ‘घर राहण्यायोग्य नाही’ असं लिहिलं. सही होईपर्यंत चांगुणाबाई समोरून हलल्या नाहीत.