धाकूबायचं लोखंड

फार वर्षं झाली. खाडीच्या तोंडाशी फिरंग्यांचं ठाणं होतं, तेव्हाची गोष्ट. आपल्या गावात कुणाच्या दाराला कुलूप नव्हतं. आतून अडसर, बाहेरून कडी, झालं. म्हणून चावी ही वस्तू नव्हती, आणि तो शब्दही नव्हता.

पण धाकूबाय होती. साप डसो, विंचू डसो, माणसाला तिच्याकडं न्यायचं. ती तापल्या लोखंडाचा डाग द्यायची आणि मेलेला उठून बसायचा, असं म्हणतात. त्या श्रावणात तिला चिखलात एक लोखंडी दांडा सापडला, टोकाला दोन दात. "डागायला बरा आहे," म्हणाली आणि चुलीत खोचला.

मग उधाणाचा दिवस आला. भर दुपारी ठाण्याचा पहारेकरी गावात धावत आला. पांढराफटक. "चावे! चावे!" एवढंच ओरडत होता.

"काय चावलं रे बाबा?" लोकांनी त्याला धरलं. दंडाला दोरी आवळली.

"याला चावून सापच मेला असेल," एक जण म्हणाला. लोक हसले.

हसत होते, आणि तिकडं ठाण्याच्या तळघरात खाडीचं पाणी चढत होतं. आत मीठ उचलणाऱ्या सात बाया होत्या, त्यांत धाकूबायची लेक भागी. पहारेकऱ्याची चावी आठवड्यामागं हरवली होती. साहेबाच्या धाकानं तो कुलूप नुसतं अडकवून ठेवायचा. आज आत बाया आहेत हे न बघता सवयीनं दाबलं आणि कुलूप लागलं. त्याच्या भाषेत चावीला 'चावे' म्हणत.

धाकूबायनं त्याचे हातपाय तपासले. "दाताची खूण नाही." तो मूठ पुढं करून मनगट फिरवत होता, पुन्हा पुन्हा.

"विष चढलं गं बाय, डाग दे!"

तिनं चुलीतून दांडा ओढला. लालबुंद. डाग बघून माणूस मागं सरतो. हा पुढं झाला. उघड्या हातानं त्यानं ते लोखंड धरलं. कातडं चरचरलं, तरी सोडेना. रडत म्हणाला, "चावे," आणि तळघराकडं बोट केलं.

"अगं माझी भागी!"

दोघं धावली. पाणी बायांच्या हनुवटीला लागलं होतं. धाकूबायनं खाडीत पाय रोवले. "थांब गं माये, दार उघडेपर्यंत थांब." आणि खाडी थांबली, असं म्हणतात. ओठांपाशी आलेलं पाणी ओठांत शिरलं नाही. कुलूप कटकन सुटलं. सात गेल्या होत्या, सात आल्या.

पहारेकऱ्याच्या तळव्यावर दोन दात उमटले होते. त्यावर पाला बांधताना धाकूबाय म्हणाली, "आता चावली खरी."

शिकलेली माणसं म्हणतात, शब्द फिरंग्यांचा. असेल बाबा. आमच्याकडं मात्र चावते ती चावी.

अजूनही श्रावणातल्या मोठ्या उधाणाला घरोघरच्या चाव्या खाडीकाठी धाकूबायच्या नावानं मांडलेल्या दगडापाशी नेऊन ठेवतात. पाणी उतरेपर्यंत गावात एक दार बंद नसतं.