उंबराखालची विहीर

फार फार वर्षांपूर्वी वाराणसीत विजयसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व विहिरी बांधणाऱ्या गवंड्याच्या घरी जन्मले होते.

नगराच्या तटाबाहेर टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती होती. नगराला रोज त्यांच्या टोपल्या आणि सुपे लागत, पण वस्तीत विहीर नव्हती. सगळे ओढ्याचे पाणी पीत. दर साली त्या पाण्याने दोन-चार लेकरे जात. राजाच्या कानावर ते आले. त्याने बोधिसत्त्वांना बोलावून सांगितले, "तिथे एक विहीर बांध. कुठे बांधायची ते मात्र वस्तीला विचारून ठरव."

वस्तीचा म्होरक्या सुमंगल. चढावर त्याचे दगडी घर, घरापुढे मोठा ओटा. सभा तिथेच भरे. ओट्यावर त्याचे भाऊबंद बसत, आणि ओढ्याकाठचे लोक खाली, पार गोठ्यापर्यंत. बोलणे सगळे वर चाले. वरून "साधु" असा होकार आला की खालचेही "साधु" म्हणत. तशी रीतच पडली होती.

बोधिसत्त्व वस्तीत आले तेव्हाही सभा तिथेच भरली. सुमंगल म्हणाला, "विहीर माझ्या अंगणात बरी. राखणही होईल."

वर साधु झाले, खाली साधु झाले, सभा उठली.

मग सुमंगलने हळूच म्हटले, "गवंडीदादा, तुम्हालाही शेजारीच एक घर बांधून देतो."

"आधी वस्ती बघून येतो," बोधिसत्त्व म्हणाले.

ऊन फार होते. चालत चालत ते ओढ्याकाठच्या शेवटच्या झोपडीपाशी आले. चंपा नावाची बाई दारात बसली होती. अर्धी विणलेली टोपली बाजूला पडली होती आणि मांडीवर वर्षाची लेक होती. लेकीचे डोळे आत गेले होते. ती रडत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हते. बोधिसत्त्वांनी प्यायला पाणी मागितले.

"देते दादा, पण पिऊ नका," चंपा म्हणाली.

"मग देतेस कशाला?"

"दारात आलेल्याला नाही कसं म्हणू? ओढ्याचं आहे ते. त्यानंच हिला तीन दिवस जुलाब लागलेत. आता विहीर होणार म्हटल्यावर जरा धीर आला. त्या उंबराखालीच करताय ना?"

"विहीर तर सुमंगलांच्या अंगणात ठरली. तूही साधु म्हणालीस की."

चंपाचे तोंड उतरले. "आम्हाला ऐकू कुठं येतं? मला वाटलं, उंबराचंच विचारतायत. अहो, त्यांची सून अंगणात कुणाची कोंबडी येऊ देत नाही, मला घागर घेऊन येऊ देईल?"

बोधिसत्त्व नगरात गेले, तिथल्या विहिरीच्या पाण्याने भरलेला घडा खांद्यावर घेऊन आले आणि चंपाला दिला. पण एक घडा लेकराला किती दिवस पुरणार?

दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा सभा बोलावली, ती उंबराखाली. उंबर ओढ्यापासून बराच वर, वस्तीच्या मधोमध होता.

"हे काय नवीन?" सुमंगलने विचारले.

"आमच्या धंद्याची रीत आहे, अण्णा. विहिरीचे दगड तळापासून लावत वर यायचं असतं. विचारणंही तसंच करू. ओढ्याकाठचे पुढे बसा."

पाहुण्याला दुखवू नये म्हणून सुमंगल मागे जाऊन टोपल्यांच्या ढिगाशी बसला. तिथे माशा फार होत्या. पुढचे बोलणे नीट ऐकू येत नव्हते. चंपा उठली, काहीतरी बोलली. पुढून "साधु" आले, मागूनही "साधु" आले, आणि मागच्यांत सुमंगलचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

एक म्हातारी हसली. "अण्णा, कशाला साधु म्हणालात ते तरी ठाऊक आहे का?"

"पुढून आलं, म्हणून म्हटलं," सुमंगल बोलून गेला. सगळी सभा हसली.

बोधिसत्त्व हसले नाहीत. ते उठून त्याच्यापाशी गेले. "न ऐकता दिलेला होकार मी धरत नाही, अण्णा. यांचा धरला नाही, तुमचाही धरणार नाही. चंपा, इथे येऊन पुन्हा सांग."

चंपा लेक कडेवर घेऊन आली. तिने सगळे पुन्हा सांगितले. विहीर इथे व्हावी, तिला कुणाचे कुंपण नसावे. मग न विचारता हेही सांगितले, की लेक झोपली की ती नाकापाशी बोट धरून श्वास बघते, आणि पुन्हा बघते.

"एवढी आजारी होती, आणि मला कोणी सांगितलं नाही?" सुमंगल म्हणाला.

"तुमच्या ओट्यापर्यंत आमचा आवाज पोचत नाही, अण्णा."

सुमंगलने वाकून त्या लेकराकडे पाहिले. मग म्हणाला, "आता ऐकलं. साधु."

विहीर उंबराखाली झाली. पहिली घागर चंपाने काढली आणि भरलेले मडके बोधिसत्त्वांपुढे धरले. "आता प्या, दादा."

ही गोष्ट सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सुमंगल म्हणजे आज सभेत सगळ्यांच्या मागे जाऊन बसणारा उपासक महानाग. चंपा म्हणजे येणाऱ्याला आधी पाणी विचारणारी भिक्षुणी उत्तमा, आणि तिची लेक म्हणजे तिच्याशेजारी बसलेली, नुकती दीक्षा घेतलेली ही लहान श्रामणेरी. तो गवंडी मीच होतो. ज्याचा आवाज पोचत नाही, त्याच्या दाराशी जाऊन ऐकणे, हीच करुणा."