म्हाताऱ्यांच्या मरणाची तिथी

“पेवावर जगणारा एकेक म्हातारा कधी मरणार, ते अमावास्येला दरबारात येऊन सांग. तेवढ्यापुरतं धान्य तुमचं, बाकीचं आमचं. सांगता आलं नाही, तर अख्खं पेव आमचं.”

सुरंगगडच्या दौलतराव महाराजांनी हौसाला हा हुकूम दिला आणि ते जांभई देत आत गेले. दिवाण गिरमाजीपंत मात्र हसत तिथेच उभे राहिले. ही अक्कल त्यांचीच होती.

हौसा गोंदा भोयाची लेक. महाराजांची पालखी वाहणाऱ्या भोयांनी गडाच्या पायथ्याशी जमिनीत खोल पेव खणून त्यात धान्य साठवलं होतं. दर सुगीला प्रत्येक भोई आपल्या मजुरीतली काही मापं जोंधळा त्यात टाकी, आणि तेवढाच जोंधळा राजवाड्यातून येई. थोरल्या महाराजांनी तसा शब्दच दिला होता. खांदा निकामी झाला की भोयाला मरेपर्यंत त्या पेवातून पोटापुरतं मिळे. राखण हौसाकडे होती, कारण ती कुणाच्या दाबात येणारी नव्हती.

पण गेल्या काही सुग्या राजवाड्याचा वाटा आलाच नव्हता. महाराज तळ्याच्या मधोमध मोरांसाठी महाल बांधत होते. मोरांना म्हणे जमिनीवर करमत नव्हतं. गवंड्यांना द्यायला धान्य कमी पडलं, तेव्हा पंतांची नजर पेवावर गेली.

“पूर्वीचे भोई समजूतदार होते, महाराज,” पंत म्हणाले होते. “खांदा गेला की दोन पावसाळ्यांत माणूस जायचा. हल्लीचे बसून खातात आणि जगतच राहतात. काही धरबंधच राहिला नाही.”

हुकमाची बातमी हौसाच्या आधी भोयांच्या आळीत पोचली. तरणाबांड कुशाबा वाटेतच आडवा आला. “हौसाक्का, आम्ही पोटाला चिमटा काढून पेव भरतोय. आमच्या म्हातारपणी त्यात काही उरणार का? नसेल तर आत्ताच सगळ्यांना वाटून टाक.”

“अमावास्येपर्यंत दम धर,” म्हणत हौसा पुढे निघाली. ती घरी आली, तर ओट्यावर शिदबा बसलेला. उभा जन्म पालखीखाली गेलेला, एक खांदा कायमचा खाली उतरलेला.

“पोरी, माझं संक्रांतीला सांगून टाक,” तो म्हणाला. “तसाही मी पिकलं पान. एकदा शब्द दिला की मोडायचा नाही मी. तेवढ्यानं पेव वाचत असेल तर वाचू दे.”

 हौसाला असा संताप आला की डोळ्यांतलं पाणी तिथंच आटलं. मोरांना तळ्यात राहता यावं म्हणून हा भला माणूस आपलं मरण नेमून द्यायला निघाला होता!

“शिदूकाका, तुम्ही जेवून घ्या,” ती म्हणाली. “तिथ्यांचं मी बघते.”

सर्वपित्री अमावास्येला दरबार भरला. हौसा पदर खोचून उभी राहिली.

“काढल्यास तिथ्या?” महाराजांनी विचारलं.

“काढते, सरकार. पण मी अडाणी बाई. हे कसं काढायचं ते पंतांनी एकदा करून दाखवावं. पंतांनाही खजिन्यातून तहहयात वर्षासन आहेच. ते कधी जाणार, तेवढं त्यांनी सांगावं. त्याच रीतीनं मी आमच्यांचं सांगते.”

पंतांचा चेहरा उतरला. “शुभ बोल गं बाई! आयुष्य का कुणाच्या हातात असतं? ते ईश्वराच्या हाती.”

“तुमचं ईश्वराच्या हाती. आमचं सरकारांच्या हाती. म्हणून तर आमचं सांगता येतं.”

महाराज सावरून बसले. “आमच्या हाती कसं?”

“त्या म्हाताऱ्यांना पेवाशिवाय दाण्याचा आधार नाही. पेव कधी उपसायचं, ते सरकारांनी सांगावं. मी त्यात आठ दिवस मिळवते आणि सगळ्यांची एकच तिथी सांगते.”

“समज, आजच उपसलं.”

“मग येत्या अष्टमीला सगळे गेले. त्यापुढचं बोलायला मी धजत नाही.”

“बोल.”

“आमची आळी म्हणजे एकच भावकी, सरकार. अष्टमीपासून साऱ्या भोयांना सुतक. सुतकात सरकारी पालखीला खांदा लागत नाही. आणि दशमीला दसरा. सीमोल्लंघनाला सरकारांना वेशीपर्यंत चालत जावं लागेल.”

 महाराज देवघरापर्यंतसुद्धा दोन हुजऱ्यांना धरून जात, हे साऱ्यांना ठाऊक होतं. त्यांनी एकदा आपल्या पोटाकडे पाहिलं, एकदा पायांकडे.

“भोई काय, दुसरे आणू,” पंत घाईघाईने म्हणाले.

“आणा की,” हौसा म्हणाली. “पण खांदा गेल्यावर इथं मरणाची तिथी विचारतात, हे त्यांना आधी सांगा. मग किती येतात ते बघू.”

महाराजांना हसू आवरेना. लोडावर हात आपटत ते इतके हसले की हुजऱ्याला पाणी आणावं लागलं.

“पेव तुमचं,” डोळे पुसत ते म्हणाले. “पण एक सांग, म्हातारे गेल्यावर जे उरेल ते कुणाचं?”

“ते उरलेलं नसतं, सरकार. आज ज्यांच्या खांद्यावर आपण बसता, त्यांचं ते.”

बाहेर उभ्या कुशाबाने ते ऐकलं आणि मान खाली घातली. महाराज पुन्हा हसले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं आणि राजवाड्याचा थकलेला सारा वाटा त्याच दिवशी पेवात टाकायला सांगितलं.

“पण महाराज, तेवढं धान्य आणायचं कुठून?” पंतांनी विचारलं.

“मोरांना जमिनीवरच राहू दे,” महाराज म्हणाले. “आणि तरीही कमी पडलं, तर तुमचं वर्षासन आहेच की, पंत!”